हवावाल्याची बाजू

रविवारी सकाळी जबलपूरच्या सदर भागातल्या एका थिएटरात इंग्रजी सिनेमा लागायचा आणि तो बघायला आम्ही तिघं जायचो. बाबा, काका आणि मी. आईला आणि काकूला इंग्रजी सिनेमात रस नव्हता. त्या दोघी घरी राहून आठवड्याचं दळण नीट करायच्या.

काका म्हणजे बाबांचे भाऊ नव्हेत. दोघं आर्वीकडच्या एकाच गावचे, एकाच वर्षी जबलपूरला आले आणि दारूगोळ्याच्या फॅक्टरीत लागले. घमापुरला एकाच आंगणातल्या समोरासमोरच्या खोल्या त्यांनी भाड्यानं घेतल्या. बाबा शिकलेले होते, म्हणून ते पुढं चार्जमन झाले, बारूद भरायच्या सेक्शनवर देखरेख करणारे. काका त्याच सेक्शनमध्ये कामगार राहिले. फॅक्टरीत काका बाबांना 'साहेब' म्हणायचे. फाटकाबाहेर आले की 'गड्या'. काका-काकूला मूल नव्हतं, त्यामुळं मी अर्धी त्यांचीच होते. माझी वेणी शाळेत जाईपर्यंत काकूच घालायची.

पासष्टची लढाई संपून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी बारा वर्षांची होते. त्या रविवारचा सिनेमा दुसऱ्या कुठल्याशा ग्रहावरचा होता. तिथं माणसं जमिनीखाली वस्ती करून राहत होती, कारण वर श्वास घेण्यासारखी हवा नव्हती. हवा एका मोठ्या यंत्रातून यायची आणि त्या यंत्रावर एक माणूस नेमलेला होता. उंच, टकला, हातात पांढरे हातमोजे, कधीच आवाज न चढवणारा. त्या वस्तीत एक वॉर्ड होता, आजारी आणि म्हाताऱ्या माणसांचा. एक दिवस तो माणूस त्या वॉर्डाची हवा हळूहळू कमी करतो. माणसं झोपेतच मरतात. कोणाला काही कळत नाही. मग सिनेमाचा हीरो, एक तरुण इंजिनिअर, ते शोधून काढतो. शेवटी सगळी वस्ती मिळून त्या टकल्याला एका छोट्या गाडीत बसवते, तीन दिवसांची हवा देते आणि वरच्या वाळवंटात सोडून देते. गाडी लहान लहान होत दिसेनाशी होते.

थिएटरात शिट्ट्या वाजल्या. काकांनी टाळ्या पिटल्या, मीही पिटल्या. बाबा हात मांडीवर ठेवून बसले होते.

काकांना इंग्रजी येत नव्हतं आणि मला अर्धवट कळायचं. म्हणून बाबा मधे बसून दोन्हीकडं हळू आवाजात मराठीत सांगत जायचे. त्या टकल्याचं सगळं बोलणं आम्ही बाबांच्या आवाजातच ऐकलं होतं.

बाहेर येऊन आम्ही खोव्याची जलेबी खायला थांबलो. काका म्हणाले, "चांगला सोडला साल्याला. असाच पाहिजे."

बाबा म्हणाले, "हवा किती होती, हे कोणी विचारलं का त्याला?"

"म्हणजे?"

"यंत्र बिघडलं होतं, तो सांगत होता न. सगळ्यांना पुरणार नव्हती. त्यानं हिशेब केला. वॉर्डातले चाळीस गेले, म्हणून बाकीचे तीन हजार वाचले."

"पुरणार नव्हती तर सगळ्यांनी थोडी थोडी घ्यायची होती."

"अन् सगळेच मेले असते तर?"

"तर मेले असते," काका म्हणाले. "पण गड्या, असं झोपेत कोणाचा गळा दाबून नसतं न वाचायचं."

त्या दिवसापासून आमच्या घरात त्या माणसाचं नाव 'हवावाला' पडलं. वर्षानुवर्षं तो वाद चालला. चहा पिताना, गच्चीवर पापड वाळवताना, नर्मदेकाठी तिलवाऱ्याला संक्रांतीच्या जत्रेत वाळूत बसून. काका फॅक्टरीचे सुती हातमोजे घालून टकल्यासारखे चालून दाखवायचे आणि आम्ही हसून हसून लोटपोट व्हायचो. मी कायम काकांच्या बाजूनं होते. बाबा एकटे पडायचे. एकदा मी त्यांना विचारलं, "बाबा, तुम्हाला तो खरंच चांगला वाटतो?" ते म्हणाले, "चांगला नाही वाटत. पण त्याच्या जागी बसलेला माणूस मला दिसतो. तुम्हाला फक्त त्याचे हातमोजे दिसतात."

एकाहत्तरचा हिवाळा आला तेव्हा मी कॉलेजात जायला लागले होते. लढाई सुरू व्हायच्या आधीपासूनच फॅक्टरीत दोन-दोन पाळ्या सलग चालू होत्या. खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले. बाबा आणि काका सकाळी सायकलवर निघायचे आणि परत यायचे तेव्हा त्यांच्याच्यानं बोलवतही नसे. फॅक्टरीची गोष्ट फाटकाबाहेर काढायची नाही, हा नियम दोघंही कसोशीनं पाळत. तो मोडलेला मी एकदाच पाहिला.

सकाळची वेळ होती. मी आंगणात उन्हाला पाठ करून पुस्तक घेऊन बसले होते. काका सायकलमध्ये हवा भरत होते. ते म्हणाले, "गड्या, दारावर लिहिलंय त्याच्या दुप्पट पेट्या आपण आत ठेवून राहिलो. मला काही बरं नाही वाटत."

मला अर्थ कळला. बारूदाच्या प्रत्येक खोलीच्या दारावर आत माणसं किती आणि माल किती असावा याचा आकडा रंगवलेला असतो, हे बाबांनीच कधीतरी सांगितलं होतं.

बाबा म्हणाले, "गाड्या उभ्या आहेत. वरून दिवसातून तीनदा विचारणा येते. बाहेरून एक-एक पेटी आणत बसलो तर माल कधी निघायचा?"

"ते खरं आहे. पण..."

"ठेव तू. मी सांगतो न. जबाबदारी माझी."

काका हसले. "चलो, हवावाला म्हणतो तर ठेवतो."

त्यानंतर पाच दिवसांनी दुपारी ती खोली पेटली. बाबा तेव्हा माल रवाना करायच्या कागदांवर सही करायला ऑफिसात गेले होते. पाच कामगार दारातून बाहेर पडले. त्यांतले दोघं भाजले होते, पण जगले. काका दारापासून सगळ्यांत लांब, त्या जास्तीच्या पेट्यांच्या पलीकडं होते.

आम्हाला चेहरा दाखवला नाही. काकूनं हात पाहायला मागितला, तर तोही दाखवला नाही.

काकांचा दहावा तिलवाऱ्याला झाला. तोवर लढाई संपली होती. गावात मिरवणुका निघत होत्या. घाटावरून परत येताना एका माणसानं आमचा टांगा थांबवून सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला. काकूच्याही ठेवला. तिनं तो मुठीत धरून घरापर्यंत आणला आणि आंगणात आल्यावर 'याचं काय करू' असं माझ्याकडं बघत राहिली.

मग चौकशी बसली. बाहेरून अधिकारी आले. बाबा रोज इस्त्रीचे कपडे घालून जायचे आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडायचे. एका संध्याकाळी सेक्शनमधला एक कामगार आमच्याकडं आला. दारातच वाकून त्यानं बाबांचे पाय धरले. "साब, आपने हम सबके घर बचा लिए," असं म्हणून तो रडायला लागला. बाबांनी त्याला उठवलं आणि कुजबुजत म्हणाले, "चुप रहो. घर जाओ."

तो गेल्यावर मी आईला विचारलं. आईनं आधी सांगितलं नाही, मग पदर तोंडाला लावून सांगितलं. बाबांनी बयान दिलं होतं, की जास्तीच्या पेट्या ठेवायचा हुकूम कोणीच दिला नव्हता. मयत कामगारानं आपल्या मनानं, सांगितलेलं न ऐकता, त्या आत नेल्या. बाकी पाचही जणांनी त्याखाली सह्या केल्या होत्या.

"पण बाबांनीच सांगितलं होतं," मी म्हणाले. "मी ऐकलं आहे. जबाबदारी माझी, म्हणाले होते."

"खरं सांगितलं तर सगळ्यांच्या नोकऱ्या जातील. तुझ्या बाबांना जेल होईल. त्या पाच जणांची बायका-पोरं, अन् आपण." आई माझ्याकडं बघत नव्हती. "गेलेला माणूस काही परत येणार आहे का? तू गप्प राह्य."

मी बाबांशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, पाणी द्यायची, पण बोलायची नाही. सतरा वर्षांच्या मुलीला वाटतं, न बोलणं म्हणजे खूप मोठी शिक्षा.

काकूला फॅक्टरीतून कळवलं गेलं, की दोष तिच्या नवऱ्याचा होता. गल्लीत कुजबुज सुरू झाली, की त्याच्या शहाणपणापायी दोन माणसं भाजली. काकू दोन दिवस खोलीबाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती आमच्याकडं आली. मी परातीत तांदूळ निवडत होते. आई चुलीपाशी पोळ्या लाटत होती. काकू माझ्यासमोर बसली आणि तांदळातला एक खडा उचलून बोटांत फिरवत राहिली.

"पोरी, आगीच्या चार-पाच दिवस आधी सकाळी तू आंगणात होतीस न? ते सायकलीपाशी होते तेव्हा?"

"हो."

"पेट्यांचं काही बोलले का ते? काही म्हणाले का, की मला असं करायला सांगितलं आहे, किंवा काही? मला काही समजून नाही राहिलं बेटा. ते काहून असं करतील? साधा दिवा विझवताना दहादा पाहणारा माणूस."

आईचं लाटणं थांबलं. माझी पाठ तिच्याकडं होती, पण मला कळलं.

मी म्हणाले, "मी अभ्यास करून राहिली होती, काकू. माझं लक्ष नव्हतं."

काकूनं मान हलवली. तो खडा तिनं बाजूला ठेवला. "अच्छा," म्हणाली आणि उठून गेली. लाटणं परत चालू झालं.

त्यानंतर त्यांच्या खोलीतून तिचा आवाज यायचा. ती काकांच्या फोटोवर ओरडायची. "कोणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? माझा विचार केला का? त्या पोरांचा केला का, जे भाजले?" होळीनंतर तिचा भाऊ तिला न्यायला आला. जाताना ती आईच्या गळ्यात पडून रडली आणि बाबांच्या पाया पडली. "भाऊजी, त्यांच्या चुकीपायी तुम्हाला त्रास झाला. माफ करा," म्हणाली. बाबा खाटेवर बसून होते. त्यांनी फक्त हात जोडले. नागपूरची बस तिलवाऱ्याच्या पुलावरून जाते, म्हणून नर्मदामायला वाहायला आईनं तिच्या हातात नारळ दिला. मी दारातच उभी राहिले, बसपर्यंत गेले नाही.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर हवावाल्याचा पुढचा सिनेमा लागला. गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर जाहिरात चिकटवलेली होती. तोच टकला, पण आता दाढी वाढलेला. रविवारी सकाळी बाबा माझ्या खोलीच्या दाराशी आले.

"चलतेस का?"

मी गेले. बाबांवर माया आली म्हणून नव्हे. त्या माणसाची पुन्हा फजिती होताना मला बघायची होती आणि तेव्हा बाबा माझ्या शेजारी बसलेले हवे होते. ही माझी इच्छा होती आणि ती मी लपवत नाही.

आता मला इंग्रजी कळत होतं. बाबा काही सांगत नव्हते, मीही विचारत नव्हते.

या सिनेमात तो इंजिनिअर वस्तीचा मुख्य झाला आहे. हवा पुन्हा कमी पडायला लागते. तो वाळवंटात जातो आणि एका ओसाड खाणीत त्याला हवावाला जिवंत सापडतो. म्हातारा, एकटा, दगडातून थेंब-थेंब हवा काढून जगलेला. मग हळूहळू उलगडतं, की त्याचा हिशेब बरोबर होता. हवा खरंच पुरणार नव्हती. वस्तीच्या पंचांना ते माहीत होतं, तो हिशेबाचा कागद त्यांनी दाबला होता आणि त्यावर इंजिनिअरच्या स्वतःच्या बापाची सही होती. हवावाल्यानं पंचांची नावं घेतली नाहीत. सगळं आपल्या अंगावर घेऊन तो गाडीत बसला होता.

थिएटरातलं वातावरण बदललं. पाच वर्षांपूर्वी शिट्ट्या मारणारे लोक आता चुकचुकत होते. मागं कोणीतरी म्हणालं, "बेचारा." माझं डोकं तापलं. हा सुटणार, असं मला वाटलं. एक कागद दाखवला आणि चाळीस माणसं मारणारा बेचारा झाला.

मग इंजिनिअर त्याला विचारतो, "पण तू त्या वॉर्डातलीच माणसं का निवडलीस?"

म्हातारा म्हणतो, "कारण त्यांना ओरडता येत नव्हतं."

बाबा उठले. लोकांच्या गुडघ्यांना अडखळत, माफी मागत ते बाहेर गेले.

मी मात्र शेवटपर्यंत बसले. म्हातारा यंत्र दुरुस्त करून देतो आणि परत वाळवंटात निघून जातो. त्याला कोणी थांब म्हणत नाही, कोणी दगडही मारत नाही. टाळ्या वाजल्या नाहीत. लोक उठून गेले. लोकांना आता काय वाटायला हवं, ते त्यांनाच कळत नव्हतं, आणि मलाही.

बाबा सायकल स्टँडपाशी उभे होते. मी जवळ गेले तसे म्हणाले, "माझ्यापुढं सहा घरं होती."

कितीतरी महिन्यांनी मी त्यांच्याशी बोलले. "सात होती, बाबा."

"सातवं तर गेलंच होतं."

"गेलं नव्हतं. काकू होती त्यात."

त्यांनी सायकल काढली. सगळा रस्ता ते सायकल हातात धरून चालले आणि मी मागं. मला वाटत होतं, मी जिंकले. घमापुरचा चढ लागला तेव्हा लक्षात आलं, की वॉर्डातल्या माणसांना ओरडता येत नव्हतं, पण मला येत होतं. काकू माझ्यासमोर बसून विचारत होती आणि मी तांदूळ निवडत राहिले.

पुढं मी शिक्षिका झाले. लग्न झालं, तेही जबलपुरातच. बाबा रिटायर होऊन शहरातच महाराजपुरला एका लहानशा घरात राहायला गेले. त्यांनी फॅक्टरीचं नाव कधी काढलं नाही आणि सिनेमाला परत कधी गेले नाहीत. आई गेली तेव्हा काकूला तार केली होती. ती आली नाही, पण तिनं भावाकडून पत्र लिहवून घेतलं. 'वहिनीनं मला खूप जीव लावला,' असं त्यात होतं. ते पत्र वाचून मला राहवलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्या गावी गेले.

काकू वाकली होती, पण मला पाहताच तिनं ओळखलं. भाकरी, झुणका, कैरीचं लोणचं, सगळं आपल्या हातानं केलं. मला जेवू घातलं. माझे पांढरे व्हायला लागलेले केस चाचपून म्हणाली, "तेल नाही लावत का तू?" आणि खरंच तेल आणून माझी वेणी घालायला बसली. तिचा चेहरा मागं होता, म्हणून मला बोलता आलं. मी सगळं सांगितलं. सायकलीपाशी काय बोलणं झालं ते, बाबांचं बयान आणि मी तिच्याशी खोटं बोलले तेही.

तिचे हात थांबले. मी वळून पाहिलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे त्यांचं काही चुकलं नव्हतं."

"नाही काकू."

"मी अठरा वर्षं त्यांच्यावर रागावून राहिली. फोटोला हार नाही घातला मी. श्राद्धाच्या दिवशी पण मनातून शिव्या दिल्या. आता मी कोणाजवळ माफी मागू?"

ती उठून आत गेली. अर्धी घातलेली वेणी तशीच पाठीवर घेऊन मी ओट्यावर बसले. संध्याकाळच्या बसची वेळ झाली तरी ती बाहेर आली नाही. तिच्या भावजयीनं मला फाट्यापर्यंत सोडलं.

परत येऊन मी बाबांना शब्दन् शब्द सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिशवी घेऊन तयार झाले. मी म्हणाले, "मी येते." ते म्हणाले, "नको."

चार दिवसांनी परत आले. काय झालं ते त्यांनी एकदाच सांगितलं आणि थोडक्यात. काकूनं त्यांना आत घेतलं नाही. 'जे झालं ते कागदावर लिहून द्या,' म्हणाली. त्यांनी ओट्यावर बसून लिहिलं आणि सही केली. काकूला वाचता येत नव्हतं. तिनं शाळेच्या मास्तरांना बोलावलं, भावाच्या घरची सगळी माणसं आणि शेजारपाजार गोळा केला आणि तो कागद मोठ्यानं वाचून घेतला. एकदा झालं तर म्हणाली, "आणखी एकदा वाचा, मागच्यांना ऐकू नाही आलं." तेवढा वेळ बाबा उन्हात उभे होते. वाचून झाल्यावर तिनं कागद घडी करून कमरेला खोचला आणि आत गेली.

बाबांनी तेच सगळं पुन्हा लिहून फॅक्टरीत नेलं. खिडकीतल्या तरुण बाबूनं वाचलं आणि आदरानं म्हणाला, "दादाजी, इतनी पुरानी फाइल अब कहाँ मिलेगी? छोड़िए, अब कौन पूछ रहा है."

"मैं पूछ रहा हूँ," बाबा म्हणाले. बाबूनं त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, कागदावर आवक शिक्का मारून दिला. पुढं कोणाचं काही उत्तर आलं नाही.

त्याच हिवाळ्यात बाबा गेले. शेवटचे आठ दिवस त्यांना धाप लागायची, उशा रचून बसवावं लागायचं. मी शेजारी बसून पाठ चोळायची. ते वाईट होते का, असं मला कोणी तेव्हा विचारलं असतं, तर मी हो म्हणाले असते आणि पाठ चोळत राहिले असते.

काकूला मी कळवलं नाही. पत्र लिहायला दोनदा बसले. ती रडली असती तर मला सोसलं नसतं आणि रडली नसती तरी नाही.